तबेल्यातली हगवण बरी होऊन परत का येते?

"डॉक्टर, परत सुरू झालं बघा."

लग्नसराईत घोडी भाड्याने देणाऱ्या एका मामांचा हा फोन वर्षभरात तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी फोनवर औषध सांगितलं नाही. गाडी काढली आणि त्यांच्या तबेल्यात जाऊन अर्धा दिवस नुसता बसून राहिलो. सात जनावरं. वर्षात तीन वेळा हगवण. मधल्या वेळी एक उमदा शिंगरू तीन दिवसांत गेला होता. मामांचा जीव त्याच्यात होता आणि माझाही.

दुपारपर्यंत मला उत्तर दिसलं. मोतद्दार पोरगा सकाळी ज्या फावड्याने लीद भरत होता, तेच फावडं भिंतीला आपटून झटकायचा आणि त्यानेच पोत्यातली चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोबऱ्यात भरायचा. फळीवर म्हशीच्या वेळची अर्धी उरलेली ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची बाटली होती. घोडा खोकला, इंजेक्शन; घोडा मलूल दिसला, इंजेक्शन. आणि या वेळी आजारी पडलेल्या पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या) घोडीला दोनच दिवसांपूर्वी रात्रभर टेंपोत उभी करून दुसऱ्या जिल्ह्यातून आणलं होतं, पाण्यावाचून.

वरातीचे, टांग्याचे किंवा सवारीचे चार-आठ घोडे पाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. हगवण परत परत येते तेव्हा "कुठलं औषध द्यायचं" हा प्रश्न मागे ठेवा. आधी तीन गोष्टी शोधा: मागच्या पंधरा दिवसांत जनावराला काय दिलं, तबेल्यात कोण नवीन आलं किंवा बाहेरून परतलं, आणि आजारी जनावराची लीद कुठे कुठे पोहोचली. दर वेळी परत येणाऱ्या हगवणीचं मूळ मला बहुतेकदा या तिघांतच सापडलं आहे.

सुई उचलण्याआधी थर्मामीटर

घोड्याचा ताप मोजायला साधा थर्मामीटर पुरतो. त्याला दोरा बांधा, गुदद्वारात तिरका धरा, एक मिनिट थांबा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटाला लागते; विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके. मग ओठ वर करून हिरडी बघा: फिकट गुलाबी, ओलसर. अंगठ्याने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो.

हगवण पातळ आहे, पण ताप नाही, नाडी जागेवर आहे आणि घोडा वैरण ओढतोय, तर घाबरू नका. चंदी बंद करा, चांगलं कोरडं गवत आणि पाणी ठेवा, दर चार तासांनी मोजत राहा. पण पाण्यासारखी धार, ३८.५ च्या वर ताप, साठच्या वर नाडी, लालभडक किंवा जांभळट हिरड्या, दातांच्या कडेने काळपट रेघ, गार पडलेले कान, यातलं दोनतीन एकत्र दिसलं तर डॉक्टर त्याच रात्री हवा. "सकाळी बघू" म्हणण्याइतका वेळ त्या घोड्याकडे नसतो. आतड्यातल्या जंतूंचं विष रक्तात शिरलेलं असतं, आणि मोठा घोडा अशा हगवणीत दिवसाला पन्नास लिटरहून जास्त पाणी गमावू शकतो. सलाईनच्या दोन बाटल्यांनी ते भरत नाही. मालक म्हणतात, "दोन बाटल्या लावल्या तरी फरक नाही." चारशे किलोच्या जनावराला दोन बाटल्या म्हणजे तापल्या तव्यावर शिंतोडा.

एक गोष्ट लगेच करता येते आणि ती फार कमी लोक करतात: बर्फ. अशा विषबाधेत दोन-चार दिवसांनी खुरांच्या आतली सूज, म्हणजे लॅमिनायटिस, सुरू होते. हगवणीतून वाचलेला घोडा मग पायांनी जातो. बर्फवाल्याकडून लादी आणा, फोडा, रबरी पिशवीत किंवा उंच बादलीत पाण्यासोबत घाला आणि खुरं गुडघ्याखालपर्यंत गार ठेवा, लंगडण्याची वाट न बघता, दोन-तीन दिवस सलग. कष्टाचं काम आहे, रात्री दोनदा उठावं लागतं. तरी करा.

आणि बाटलीने काही पाजू नका. ताक, ओवा, माणसांची जुलाब थांबवायची गोळी, काहीच नको. घोड्याला उलटी होत नाही, मान वर करून ओतलेलं श्वासनळीत उतरतं आणि फुफ्फुसं धरतं. जुलाब अडवणाऱ्या गोळीने विष आतच राहतं.

घोड्याचं पोट म्हणजे विरजण

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. गाय-म्हैस चारा पुढच्या पोटात आंबवते, घोडा मागच्या. सीकम आणि मोठं आतडं या दोन थैल्यांत अब्जावधी जीवाणू गवताचा धागा फोडून घोड्याला ताकद देतात. एकट्या सीकममध्ये पंचवीस-तीस लिटर ऐवज मावतो. हे विरजण नीट आहे तोवर साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या रोगजंतूंना तिथे पाय रोवायला जागा मिळत नाही. धडधाकट घोड्याच्या लिदीतसुद्धा ते कधीकधी थोडे सापडतात आणि काही करत नाहीत.

विरजण मोडतं कशाने? अँटिबायोटिकने, एकदम बदललेल्या चाऱ्याने, उपाशी लांबच्या प्रवासाने, पोटाच्या ऑपरेशनने. चांगले जीवाणू मेले की जागा मोकळी होते. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू, म्हणजे कवचात निपचित पडलेले जंतू, फुटतात, विष तयार करतात, आतड्याचं अस्तर सोलतं. म्हणून खोकल्यासाठी दिलेल्या इंजेक्शनने चौथ्या दिवशी हगवण लागते आणि मालकाला वाटतं, दुसराच रोग आला. तो म्हणतो, आता आणखी जोराचं औषध द्या. तिथून चक्र फिरायला लागतं.

गुरांसाठी नेहमीची असलेली काही औषधं घोड्याला घातक आहेत. लिंकोमायसिन घोड्याला द्यायचंच नाही. त्याने आतड्याचा जीवघेणा दाह होतो. कोंबडी-गुरांच्या काही खाद्यात घातलेलं मोनेन्सिन तर घोड्याचं हृदयच निकामी करतं. तो जंतूंचा विषय नाही, पण चंदी संपली म्हणून शेजारच्या पोल्ट्रीचं खाद्य टाकणारे मी पाहिलेत, म्हणून सांगून ठेवतो.

सगळ्यांत चटका लावणारा प्रकार शिंगरांच्या बाबतीत होतो. महिना ते सहा महिन्यांच्या शिंगरांना ऱ्होडोकॉकस इक्वी नावाचा मातीतला जंतू धरतो. धुळीतून फुफ्फुसात जातो, तिथे गळवं करतो. शिंगरू तो कफ गिळतं आणि मग आतड्यात व्रण, पोटातल्या गाठींत पू. उपचार म्हणजे रिफॅम्पिसिन आणि त्याच्या जोडीला एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातलं एक औषध, आठवडेच्या आठवडे. शिंगरू ते झेलतं. पण त्याच्या तोंडाला लागलेलं, बादलीत सांडलेलं किंवा लिदीतून आलेलं थोडंसं एरिथ्रोमायसिन आईच्या पोटात गेलं, तर तिला क्लॉस्ट्रिडियमची भयानक हगवण लागू शकते. औषध पाजल्यावर शिंगराचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, मगच आईकडे सोडा. उन्हाळ्यात अशा शिंगराला सावलीतच ठेवा, कारण एरिथ्रोमायसिनवर असताना उन्हात त्याचा ताप भडकतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते; ते रक्त नसतं, दचकू नका.

एका लिदीवर निकाल लावू नका

मामांच्या घोडीची लीद आधी एकदा तपासून झाली होती. "काही सापडलं नाही" असा कागद त्यांनी जपून ठेवला होता. साल्मोनेलाच्या बाबतीत त्या एका कागदाला अर्थ नाही. हा जंतू लिदीतून रोज सारखा पडत नाही. आज पडेल, दोन दिवस पडणार नाही. म्हणून किमान बारा तासांच्या अंतराने, शक्यतो रोज एक, असे पाच नमुने घ्यायचे. आम्ही घेतले. पहिले तीन कोरे. चौथ्यात साल्मोनेला उगवला.

तेव्हा सगळी गोष्ट जुळली. खोकल्याला दिलेल्या इंजेक्शनांनंतर घोडीला पहिली हगवण झाली, ती वरवर बरी झाली, पण जंतू आत राहिले. फावड्यावरून ते शेजारच्या शिंगराच्या चंदीत गेले आणि तो गेला. टेंपोच्या प्रवासाने आणि उपासाने घोडीचं विरजण पुन्हा मोडलं आणि तिसरी वेळ आली. तीन आजार नव्हतेच, एकच होता.

नमुना घेताना तो जमिनीवरून उचलू नका. ताजी लीद स्वच्छ डबीत, हातमोजा घालून. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेला नमुना सोन्यासारखा. डबी बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पशुवैद्यक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, परळ किंवा शिरवळ, आणि पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग यांच्याकडे आधी फोन करून विचारा: साल्मोनेलाचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होईल का, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या विषाची चाचणी होईल का. दोन्ही वेगळं मागावं लागतं. नुसतं "लीद तपासा" म्हटलं तर जंतांची अंडी बघून कागद मिळतो.

मोठ्या घोड्याच्या साल्मोनेला हगवणीत अँटिबायोटिकने जंतू बाहेर पडणं लवकर थांबत नाही. घोडा वाचतो तो पाणी, क्षार, विषाचा परिणाम कमी करणारे उपचार आणि शुश्रूषेवर. क्लॉस्ट्रिडियम ठरला तर मेट्रोनिडॅझोल कामाला येतं. शिंगरू असेल किंवा जंतू रक्तात शिरलेत असं वाटलं तर गोष्ट वेगळी. हे डॉक्टरने ठरवायचं. तुमचं काम त्याला खरा इतिहास सांगणं. आदल्या आठवड्यात गुपचूप दिलेलं इंजेक्शन लपवू नका. तिथे रागावण्यासारखं काही नाही, पण ते कळलं नाही तर आम्ही अंधारात हात मारतो.

आईपासून नुकतं तोडलेलं, चार-सहा महिन्यांचं शिंगरू खंगत असेल आणि पोटाखाली किंवा जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज असेल, तर लॉसोनिया हा जंतू मनात आणा. त्यात हगवण असतेच असं नाही. रक्तातलं प्रथिन मोजा, ते खूप घसरलेलं सापडतं.

पोटदुखी, सुई आणि फुगलेली मान

याच क्लॉस्ट्रिडियमचं दुसरं रूप आतड्याबाहेर दिसतं आणि ते मी विसरू शकत नाही. एका मुश्की, म्हणजे काळ्या, घोड्याचं पोट दुखत होतं. कुणीतरी ओळखीच्याने फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन मानेच्या स्नायूत दिलं. पोटदुखी थांबली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं. मान एका बाजूने उशीसारखी फुगलेली, घोडा डोकं खाली नेऊ शकत नव्हता, म्हणून उपाशी. मी सुजेवर बोटं ठेवली आणि कातडीखाली कुरकुर झाली, वाळक्या पानांवर हात दाबल्यासारखी. आत वायू होता. स्नायू आतून मरत चालला होता.

क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू निरोगी घोड्याच्या स्नायूतही निपचित पडलेले असू शकतात. इंजेक्शनने तिथला मांसाचा भाग दुखावतो, हवा पोहोचत नाही आणि ते जागे होतात. सुईबरोबर कातडीवरचेही आत जातात. फ्लुनिक्सिननंतर हे सगळ्यांत जास्त पाहिलं गेलंय, म्हणून ते शिरेतून किंवा तोंडावाटेच द्यायचं, स्नायूत कधीच नाही. बाटलीवर स्नायूत चालेल असं लिहिलं असलं तरी घोड्याच्या बाबतीत मी देत नाही आणि कुणाला देऊ देत नाही. जंतासाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन सुईने टोचण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तिथेही हाच धोका. घोड्याला पेस्ट द्या.

टोचल्यानंतर सहा तास ते तीन दिवस या काळात सूज, वेदना, ताप आणि कुरकुर दिसली की तो गळू समजून शेकत बसू नका. एक-एक तास मोलाचा. शिरेतून मोठ्या मात्रेत पेनिसिलिन आणि त्या भागावर लांब चिरे देऊन हवा आत सोडणं, हे दोन्ही लगेच लागतं. मुश्कीच्या मानेवर मी सहा चिरे दिले. मालकाचा मुलगा दिवा धरून उभा होता, त्याचा हात थरथरत होता, पण दिवा हलू दिला नाही त्याने. घोडा वाचला. मानेवर वीतभर बिनकेसांची खूण राहिली आणि भरून यायला दोन महिने गेले. परफ्रिंजेन्स असेल तर वाचण्याची आशा असते. सेप्टिकम नावाचा भाऊबंद असेल तर बहुतेक वेळा नाही.

याच घराण्यातला धनुर्वाताचा जंतू. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं कुणी नाही. खिळा, नालेची जखम, चिरे दिलेली मान, काहीही निमित्त पुरतं. लस स्वस्त आहे आणि ती चुकवण्याचं एकही कारण मला पटलेलं नाही.

तबेला धुणं, जिथे खरी लढाई आहे

फिनेलचा वास आला म्हणजे तबेला शुद्ध झाला, हा समज सोडा. साल्मोनेलावर फिनेलचा काही उपयोग होतो, क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंना त्याने काही होत नाही. हातावर चोळायच्या सॅनिटायझरनेही नाही. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. बीजाणूंना ब्लीच मारतं, पण लिदीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. आधी सगळी लीद, गवत, पेंढा बाहेर. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवा. सुकू द्या. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, भिंतीवर, गव्हाणीवर, बादलीवर, दहा मिनिटं ओलं राहील असं. मग स्वच्छ पाणी. खाली फरशी नसून माती असेल, आणि आपल्याकडे बहुतेक मातीच असते, तर वरचा थर खरवडून काढा, नवा मुरूम टाका, जागा रिकामी ठेवून ऊन लागू द्या.

आजारी घोडा रांगेच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. त्याचं फावडं, बादली, खरारा, दोर वेगळे. रंगाने खूण करा. मोतद्दाराने आधी निरोगी जनावरं उरकायची, शेवटी आजारी. चपला तिथेच ठेवायच्या. हगवण थांबली म्हणजे वेगळं ठेवणं संपत नाही. साल्मोनेला आठवडेच्या आठवडे पडत राहतो. पाच कोरे नमुने येईपर्यंत घोडा तिथेच. हा जंतू माणसांनाही होतो, तेव्हा त्या घोड्याजवळ लहान मुलं नकोत आणि तबेल्यात बसून भाकरी खाणं नको.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा कुठल्याही बाजारातून घोडा आणला की तीन आठवडे तो बाकीच्यांपासून लांब. रोज ताप लिहून ठेवा. घशाखाली गाठी आल्या, नाकातून पू आला तर तो गळ्याच्या गाठींचा आजार, स्ट्रँगल्स असू शकतो, आणि त्याची गळवं कधीकधी पोटातल्या गाठींतही होतात. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर रांगेने फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर मात्र घोड्याला हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो; हा रोग माणसालाही होतो, कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे आणि त्यावर घरी उपचार करायचे नसतात.

सगळीच हगवण जंतूंची नसते

मामांच्या तबेल्यात आता औषधाच्या फळीवर कुलूप आहे. लिदीचं फावडं लाल रंगवलंय, चंदीला पत्र्याचा डबा आहे. चारा बदलायचा तर दहा दिवसांत थोडा थोडा. पंचकल्याणी घोडी पाचव्या कोऱ्या नमुन्यानंतर, म्हणजे सातव्या आठवड्यात, आपल्या जागी परतली. लांबच्या वरातीहून आली की तिला आधी पाणी, मग गवत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चंदी नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर पुन्हा फोन आला. "डॉक्टर, अबलख पातळ हगतोय. ताप ३८, नाडी चाळीस, हिरड्या गुलाबी, वैरण खातोय. सुई लावली नाही." मी म्हटलं, लांब हातमोज्यात दोन मुठी लीद घ्या, पाणी भरा, कालवा आणि खुंटीला टांगून ठेवा. वीस मिनिटांनी त्यांनी फोटो पाठवला. मोज्याच्या बोटांत दोन बोटं वाळू बसली होती. घोडा पूर ओसरलेल्या नदीकाठी चरायला जात होता आणि गवताबरोबर वाळू ओढत होता. चरणं बंद केलं, गवत उंच गव्हाणीत दिलं, इसबगोल सुरू केला. आठ दिवसांनी मोजा परत टांगला, तेव्हा तळाशी चिमूटभर उरली होती.